उजव्या वळणावरचा पिवळा

११ फेब्रुवारी. सकाळपासून कुकर घासतेय, आप्पा. तुम्ही शेवटचा लावलेला. भात जळून तळाला डांबरासारखा बसलाय, शिट्टीच्या भोकातही काळं अडकलंय. चिंच लावून झाली, राख लावून झाली. तुमची थोरली बहीण, निपाणीची आक्का, मोरीच्या दारात उभी राहून म्हणते, "टाकून दे गं त्यो. मेल्याल्या माणसाच्या हातचं भांडं कशाला ठेवतीस?"

मी म्हटलं, भांडं चांगलं आहे. भात जळला.

तुमच्या निवृत्त ड्रायव्हर मंडळींनी तुमच्यावर चार शब्द लिहून मागितलेत. त्यांच्या अंकात छापणार आहेत. "घरचं माणूस म्हणून लिहा मॅडम, जरा भावनेनं." जन्म, नोकरी, बढत्या, निरोपाचा हार हे सगळं त्यांच्याकडे आहे. ते मी लिहीत नाही. मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. तसं माझं काही तुम्हाला आवडल्याचं मला आठवत नाही, तेव्हा नवीन काही होत नाही.

तुम्ही कसे गेलात ते आता सगळ्या गल्लीला पाठ झालंय. मी मालगाडी घेऊन लोंढ्याला गेले होते. तुम्ही कुकर लावलात आणि ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसलात. शेजारच्या काकूंना शिट्टीवर शिट्टी ऐकू येत राहिली, मग वास आला, मग त्या मागच्या दारानं आत शिरल्या. तुम्ही खुर्चीत, मान छातीवर. येईल त्याला आक्का सांगते, "पयल्या शिट्टीच्या आदीच गेलता बगा माजा भाऊ. न्हायतर जल्मभर वाफंत काढल्याला माणूस, शिट्टी ऐकून गप बसंल व्हय?" लोक माना डोलावतात. डॉक्टरांनीसुद्धा काकूंच्या शिट्ट्या धरूनच वेळ सांगितली.

मला तो पुरावा पटलेला नाही. एरवी तुम्ही कुकरकडे तोंड करून बसायचात आणि वाफ बघून गॅस बंद करायचात. मला वाटायचं, जुनी सवय. त्या दिवशी खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं. पाठीमागे हाताच्या अंतरावर कुकर बोंबलत असताना तुम्ही चांगले जिवंत असाल, खिडकीच्या गजावर हात ठेवून दुसऱ्या रेल्वे गेटाकडे बघत असाल. छातीत कळ आली ती कदाचित भात जळाल्यावर आली असेल. तुम्ही कधी गेलात ते कुणालाच माहीत नाही. आणि हे का माहीत नाही, ते फक्त मला माहीत आहे.

तुमच्या मंडळींना ते सांगायचं ठरवलंय. म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट मान्य करते. मला रस्ता तुम्ही शिकवलात. मी इंजिनावर असिस्टंट म्हणून लागले तेव्हा तुम्ही विचारलंत, "डबा द्यायला जाणार व्हय इंजिनावर?" आणि त्याच रात्रीपासून जेवताना परीक्षा सुरू केलीत. बेळगाव सुटल्यापासून लोंढ्यापर्यंत रस्ता तोंडी म्हणायचा. कुठे चढ, कुठे उतार, कुठे पूल, कुठलं वळण कुठल्या हाताला, देसूरचा सिग्नल कशामागून दिसतो, खानापूरच्या अलीकडे गाडी कुठे पळायला बघते. एक वळण चुकलं की ताट उचलून तुमच्यापुढे ओढायचात. "जा. उपाशी माणसाला वळण ध्यानात ऱ्हातंय." आई मध्ये पडली की तिचंही ताट उचलायचात. आई गेल्यावर एकदा मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचे वडील असं शिकवत नाहीत. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याची पोरगी मेली तर माजं नाव खराब हुत न्हाय."

माझं लग्न राहून गेलं तेव्हाही तुम्ही गल्लीत सांगत फिरलात, "तिनं इंजिनाशी केलंय, त्येबी इजेच्या. धूर न्हाय, आवाज न्हाय. सासर कसलं ते!" लोक हसायचे. मीही हसायचे. बोलून फायदा नव्हता.

मग वाफेची खास गाडी आली. पर्यटकांसाठी बेळगाव ते लोंढा, रविवारची सहल. जुनं मोठं इंजिन कुठूनसं दुरुस्त करून आणलं आणि ते चालवणारी माणसं शोधू लागले. वाफेवर काम केलेले आता सगळे तुमच्या वयाचे. तुम्ही आणि तुमचा जुना फायरमन बसप्पाकाका, दोघांनी नावं दिलीत. शेडमध्ये परीक्षा झाली. बॉयलर, इंजेक्टर, आगीची उंची, पाण्याची काच. तुम्ही परीक्षकांनाच दोन प्रश्न विचारून आलात. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचलीत. डॉक्टर समोर बसून बोलत होते. तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत सगळी उत्तरं दिलीत. पास.

पण नियमात अजून एक अट होती, आणि ती तुम्हाला घशात अडकली. इंजिन येतं म्हणून रस्ता येतो असं रेल्वे धरत नाही. ज्यानं त्या टप्प्यावर काही महिने गाडी नेलेली नाही, त्याचा रस्ता गेला असं समजतात. मग तो पूर्वी कितीही वर्षं चालवत असो. अशा ड्रायव्हरशेजारी रस्ता माहीत असलेला, चालू नोकरीतला ड्रायव्हर उभा करतात. त्याला पायलट म्हणायचं. पायलटनं रेग्युलेटरला, म्हणजे वाफ सोडायच्या दांडीला, हात लावायचा नाही. पण तो थांब म्हणाला की थांबायचं. तो सिग्नल पुकारेल, ड्रायव्हरनं तोच मोठ्यानं परत म्हणायचा. परत म्हटला नाही तर ऐकला नाही असं धरायचं, आणि पायलटनं ब्रेक लावायचा.

तुमच्या गाडीला पायलट मी.

नाव कळलं तेव्हा तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "मी त्या रस्त्यावर तुला जेवू घातलंय," म्हणालात.

"जेवू नाही घातलंत, ताट उचललंत," मी म्हटलं. "आणि तुमचा रस्ता आता राहिला नाही. तुमचे रूळ मीटरगेजचे होते, ते उपटले. एकाचे दोन मार्ग झाले. वर तारा आल्या. वळणं बदलली. तुमच्या वेळी जिथे काही नव्हतं तिथे सिग्नल आहेत."

"डोंगार सरकला का?"

"नाही."

"मंग रस्ता त्योच."

आणि पहिल्याच दिवशी सवयीनं कोळसा पुढे ओढायला तुम्ही टेंडरवर, इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, चढू लागलात. मी तुमचा शर्ट धरून खाली खेचलं. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट. बसप्पाकाका घाबरून राम राम करत राहिले आणि तुम्ही शर्ट झटकून मला म्हणालात, "हात लावायचा न्हाय." डोंगर सरकला नव्हता, फक्त वर मरण टांगलेलं होतं.

चाचणीचा दिवस. रिकामे डबे, पहिल्या डब्यात इन्स्पेक्टर साहेब आणि दोन-तीन बातमीदार. पहिल्या गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत लोक मोबाइल धरून उभे. तुम्ही डावीकडे, ड्रायव्हरच्या जागी, मी उजवीकडे, मधे बसप्पाकाका कोळशाचा बेलचा घेऊन. मी पुकारलं, "हिरवा!" तुम्ही म्हणालात, "हिरवा." पुढचा मी पुकारायच्या आधीच तुम्ही, "हिरवा." त्याच्या पुढचाही माझ्या आधी. मला वाटलं, मुद्दाम चाललंय. मी तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन दाखवायचं, म्हणजे पोरीचं ऐकलं असं होत नाही. मी मनात म्हटलं, करा. नियम मोडत नाही तोवर काय करायचं ते करा.

आणि खरं सांगते, चालवत होतात सुंदर. इतकं मोठं इंजिन, हाताखाली आलेलं पहिल्यांदाच, पण सुटताना एक धक्का नाही. बसप्पाकाका मला म्हणाले, "बघ पोरी, बाप बघ तुझा. पायाच्या तळव्यानं चालवतोय." ते कौतुक म्हणून बोलले. मीही कौतुक म्हणूनच ऐकलं. तुम्ही खरोखरच तळव्यानं चालवत होता.

देसूरच्या अलीकडे उजवं वळण लागतं. तुमच्या वेळी तिथे सिग्नल नव्हता. उजव्या वळणावर एवढा मोठा बॉयलर डावीकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर आडवा येतो, पुढचं काही दिसत नाही. अशा ठिकाणी उजवीकडच्यानं पुकारायचं आणि डावीकडच्यानं ऐकायचं, ही तुमच्याच काळापासूनची रीत. मला सिग्नल दिसला. पिवळा. म्हणजे पुढचा लाल असणार, वेग उतरवायला हवा.

"पिवळा!" मी ओरडले.

तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. रेग्युलेटर तसाच.

बसप्पाकाकांना ओलांडून मी तुमच्या खांद्यापाशी आले आणि कानाजवळ ओरडले, "आप्पा, पिवळा!"

आणि तुमचा चेहरा बघितला. हा भाग तुमच्या मंडळींनी नीट वाचावा. मानी माणूस न ऐकल्यासारखं करतो तेव्हा त्याच्या जबड्यात कळतं, मानेत कळतं. तुमचा मानीपणा मी आयुष्यभर बघितलाय, तो मला पाठमोराही ओळखता येतो. तुमच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. तुम्ही शांतपणे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच बघत होता. पापणी हलली नाही. कानाशी कुणी ओरडतंय हे तुम्हाला माहीतच नव्हतं. त्याआधीचे सगळे हिरवे तुम्ही स्वतः बघून म्हटले होते. माझा एकही ऐकला नव्हता.

मी ब्रेक लावला.

तुम्ही एवढे दचकलात की टोपी पडली. पण हात चुकले नाहीत. एका हातानं रेग्युलेटर बंद, दुसऱ्यानं बॉयलरला पाणी. गाडी वळण संपून लाल सिग्नलच्या अलीकडे थांबली. तुम्ही तो लाल बघितलात, मग माझ्याकडे बघितलंत. त्या क्षणी तुम्हाला कळलं की मला कळलंय.

इन्स्पेक्टर साहेब खडीवरून धावत आले. मागे बातमीदार. साहेबांनी वर चढून विचारलं, काय झालं. मी तोंड उघडलं, आणि तुम्ही माझ्या ओठांकडे बघितलंत. मग मला बोलू न देता, लांबच्या डब्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालात:

"हिनं सांगितलं, मी आयकलं न्हाय. पोरीच्या हुकमावर मी इंजिन चालवत न्हाय. लिवून घ्या."

साहेबांनी मला विचारलं, "बरोबर?" मी म्हटलं, "सिग्नल दोनदा पुकारला, परत म्हटला नाही. ब्रेक लावला." एवढंच. ते खरं होतं. साहेब तेवढ्यावर थांबले, मीही थांबले. तुम्हाला इंजिनावरून उतरवलं. उतरताना तुम्ही दांड्याला हात फिरवलात आणि माझ्याकडे पाठ केलीत.

बहिरा म्हटलेलं तुम्हाला चालणार नव्हतं. उद्धट म्हटलेलं चालत होतं. त्याची किंमत मी मोजणार होते, म्हणून चालत होतं.

आणि चाललंच. दुसऱ्या गेटाच्या चहावाल्याकडे बसून तुम्ही सांगत राहिलात, "पोरगी सायब झाली, बापाला खाली उतरवलं." क्रूच्या खोलीत काल भरती झालेली पोरं माझ्यासमोर एकमेकांना म्हणायची, "हळू बोल रं, मॅडम ब्रेक लावतील." निपाणीहून आक्काचा फोन. "अगं, ज्या गावाला रूळ न्हाईत त्या गावातनं जाऊन त्यो ड्रायवर झालता. आन् तू त्येला चार माणसांत उतरवलीस? वाइच दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?" काय बिघडलं असतं ते आक्काला मी सांगितलं नाही. लालच्या पलीकडे दुसरी गाडी उभी होती.

तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. एकदा मी तुमच्या मागे उभं राहून स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. तेच ताट, जे तुम्ही उचलायचात. घरभर घुमलं. तुम्ही पेपर वाचत राहिलात.

मग मी समोर येऊन बसले. सावकाश, ओठ दिसतील असं बोलले. "ऐकू येत नाही, एवढं म्हणा. लोकांना नका सांगू. मला म्हणा."

"मला समदं आयकायला येतंय."

मी तोंडावर हात धरला आणि हाताआडून एक वाक्य बोलले. मग हात काढून विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?"

हे वाईट होतं. करायचं म्हणूनच केलं. तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत. मग म्हणालात, "बाया इंजिनावर चढल्या आन् वाफ मेली." आणि पेपर उचललात. आपल्यातलं शेवटचं धड बोलणं ते.

हाताआड मी काय म्हणाले होते ते आता सांगते. त्या ताटांबद्दल आभार मानले होते. त्या रात्रींमुळे माझ्या हातून आजवर एकही लाल ओलांडला गेलेला नाही. हे तुम्हाला सांगायची सोय कधी झालीच नाही. तुम्ही तोंडाकडे बघत असताना मला सांगवत नव्हतं, आणि बघत नसताना सांगून उपयोग नव्हता.

आता तुमच्या मंडळींसाठी. ते तुम्हाला बाणेदार म्हणून हार घालणार आहेत. 'कुणापुढे झुकला नाही' असं फलकावर लिहून आणलंय म्हणे. झुकला नाहीत हे खोटं आहे. तुम्ही कानांपुढे झुकलात, आणि ते झाकायला मला पुढे केलंत. त्या दिवशी तुम्ही खाली उतरून "मला ऐकू येत नाही" म्हणाला असतात तर मी तुमच्यासाठी वाकून टोपी उचलली असती. ती टोपी बसप्पाकाकांनी उचलली.

ही बदनामी मी महिनोन्महिने मुकाट्यानं घेतली. तुम्ही जिवंत होता तोवर ठीक होतं. तुमची होती, तुम्हाला उपयोगी पडत होती. मेलेल्या माणसाला तिची गरज नाही. आणि मंडळींमध्ये अजून सहा-सात जण या गाडीसाठी नाव द्यायला बसलेत. सगळे बॉयलरशेजारी आयुष्य काढलेले. सगळे समोर बघून छान उत्तरं देतात.

संध्याकाळी आक्काला कळलं की उद्या गाडीची पहिली खरी फेरी आहे आणि पायलट मीच आहे. ड्रायव्हर तुमच्या जागी बसप्पाकाका, तेही पुढे ड्रायव्हर होऊनच निवृत्त झालेले. ती कपाळावर हात मारून रडायला लागली. "बापाचं दिस झालं न्हाईत आन् ही इंजिनावर! सुतक हाय गं तुला."

"मला आहे," मी म्हटलं. "गाडीला नाही."

"दगड हैस तू."

"त्यांचीच आहे."

यावर ती रडायची थांबली आणि पहिल्यांदा थोडं हसली. मग कुकर हातात घेऊन आत बघितलं. "निगालं की गं सगळं," म्हणाली. तळाला एक काळा डाग राहिलाय. तो जात नाही. राहू दे.

१२ तारखेला सकाळी स्टेशनवर गेले. इंजिन वाफ धरून उभं होतं, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत होता, फलाटावर बँड. बसप्पाकाकांनी गळ्यातला हार काढून माझ्या पायाशी ठेवायला बघितला. तुमच्या नावानं, म्हणाले. "तुझ्या बापाची जागा, पोरी. मला बसवत नाही तिथं. लई मानी माणूस. तुझ्याशी वागला ते मात्र वाईट वागला, हौदु, होय, वाईटच."

मी म्हटलं, "काका, कोळशाकडे तोंड करा. माझ्याकडे पाठ."

"का गं?"

"करा."

त्यांनी केली. मी उजवीकडच्या माझ्या जागी गेले, एरवी पुकारते तेवढ्याच आवाजात म्हटलं, "पिवळा."

"पिवळा," ते म्हणाले.

"लाल."

"लाल. अगं, मला काय बहिरा समजलीस का..." आणि ते मध्येच थांबले. वळले नाहीत. हातातला बेलचा त्यांनी हळूच टेकवला.

"म्हंजे त्या दिवशी देसूरला..." ते म्हणाले.

मी बाहेर बघितलं. फलाटाच्या टोकाचा सिग्नल मिळाला होता.

"हिरवा," मी पुकारलं.

माझा हात ब्रेकवर होता. मग बसप्पाकाका वळले, माझ्या तोंडाकडे न बघता ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले, बाहीनं डोळे पुसले आणि फलाटभर ऐकू जाईल असे ओरडले, "हिरवा!"

मी ब्रेकवरचा हात काढला.